खानदेशातील छोटी संग्रहालये इंटरनेटवर कशी आणावीत? कार्यकर्त्यांसाठी माहितीलेख

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावात टांग्यातून पडले. मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार टाकला होता. त्याची माहिती घेऊन ते परत चाळीसगाव स्टेशनवर उतरले. वस्तीतली माणसे स्वागताला आली होती, पण महाराला टांग्यात बसवून न्यायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी टांगा मिळाला, टांगेवाला नाही. वस्तीतल्याच एका माणसाने, ज्याला टांगा हाकायची सवय नव्हती, लगाम हातात घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि घोड्यासकट टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला.

हा प्रसंग त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींमध्ये लिहून ठेवला आहे. त्यांच्या हयातीत हे लिखाण छापले गेले नाही. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकेच्या रूपात प्रसिद्ध केले. आज ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. म्हणजे न्यूयॉर्कमधला विद्यार्थी चाळीसगावच्या मोरीबद्दल वाचतो. पण ती मोरी नेमकी कुठली, तेव्हाची वस्ती कुठे होती, त्या दिवशी स्टेशनवर हार घेऊन कोण उभे होते, ही माहिती न्यूयॉर्कमध्ये तयार होणार नाही. ती चाळीसगावातच आहे: कोणाच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत, कोणाच्या आजीच्या आठवणीत, एखाद्या विहाराच्या कपाटात.

हा लेख त्या पेटीविषयी आणि त्या कपाटाविषयी आहे. छोट्या संग्रहालयांना आपला संग्रह इंटरनेटवर ठेवण्यासाठी आपण काय मदत करू शकतो, ती कोणत्या क्रमाने करायची आणि कुठे थांबायचे, हे आम्ही येथे एकत्र मांडत आहोत.

छोटे संग्रहालय म्हणजे कोणते?

संग्रहालय म्हटले की मोठी इमारत, तिकीट खिडकी आणि काचेची कपाटे डोळ्यांसमोर येतात. खानदेशात नजर फिरवली तर वेगळे चित्र दिसते.

धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ आहे. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी जमवलेली दप्तरे सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये हे मंडळ उभे राहिले. जुने कागद, पोथ्या, ताम्रपट, नाणी आणि मूर्ती असा त्याचा संग्रह आहे. धुळ्यातच समर्थ वाग्देवता मंदिरात हस्तलिखितांचा मोठा साठा आहे. चाळीसगावात स्टेशनजवळ छायाचित्रकार केकी मूस (१९१२ ते १९८९) यांचे राहते घरच संग्रहालय झाले आहे. टेबलावर छोट्या वस्तू मांडून त्यातून अख्खे दृश्य उभे करणारी त्यांची छायाचित्रे, चित्रे आणि कोरीवकाम तिथे आहे. जळगावात बहिणाबाई चौधरींच्या घरी त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत. जैन हिल्सवरचे गांधीतीर्थ २०१२ मध्ये सुरू झाले. ते छोटे नाही, पण जुन्या कागदांचे डिजिटायझेशन तिथे पद्धतशीर चालते. विचारांचे मतभेद आपल्या जागी ठेवून, कागद कसा सांभाळतात हे आपल्या कार्यकर्त्यांनी एकदा जाऊन पाहावे.

आता आपल्याकडे वळू. धुळ्याजवळच्या लळिंग किल्ल्यावरील लांडोर बंगल्यात ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेबांचा मुक्काम झाला. त्या आठवणीसाठी दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक तिथे जमतात. या मेळाव्यांचे फोटो, पत्रके, गाण्यांच्या वह्या, समता सैनिक दलाचे बिल्ले, 'जनता' आणि 'प्रबुद्ध भारत'चे जुने अंक, भीमगीतांच्या कॅसेट हे सारे कुठल्याच संग्रहालयात एकत्र नाही. ते घराघरांत आहे. आमच्या मते विहारातले एक कुलूपबंद कपाट, त्याची नोंदवही आणि जबाबदारी घेणारी दोन माणसे एवढे असले तरी ते संग्रहालयच आहे. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि टंकलेखन यंत्र आज पाहायला मिळते. तेही वामनराव गोडबोले यांनी वेळीच वस्तू जमवून सांभाळल्या म्हणूनच.

प्रत का हवी? अजिंठ्याचा धडा

अजिंठ्याची लेणी जळगावहून तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. तिथल्या चित्रांच्या नकला करण्याचे काम ईस्ट इंडिया कंपनीने रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यावर सोपवले. १८४४ नंतर गिल यांनी आयुष्याची अनेक वर्षे त्या गुहांमध्ये काढली. त्यांनी रंगवलेली मोठी चित्रे लंडनला गेली आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत त्यातली बहुतेक जळाली. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर आपल्या भुसावळात आहे.

त्यानंतर मुंबईच्या कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ साली तिथल्या संग्रहालयाच्या आगीत त्यातल्या अनेक नष्ट झाल्या. ज्या वाचल्या त्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत आणि त्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात. दरम्यानच्या दीडशे वर्षांत मूळ भिंतींवरचा रंग ठिकठिकाणी उडाला आहे. काही भाग अभ्यासायला आता त्या नकलाच उरल्या आहेत.

दोन्ही वेळा चूक एकच झाली. वर्षानुवर्षांचे काम एकाच शहरात, एकाच छताखाली ठेवले गेले. आपल्या काळातही हेच घडते. २६ एप्रिल २०१६ रोजी दिल्लीतले राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय जळाले. २ सप्टेंबर २०१८ रोजी ब्राझीलचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले. त्यानंतर तिथल्या विद्यार्थ्यांनी लोकांना आवाहन केले की तुम्ही काढलेले फोटो पाठवा, निदान तेवढे तरी राहील. आग लागल्यावर फोटो मागावे लागू नयेत, यासाठी आधी काम करायचे आहे. खानदेशात तर आगीचीही गरज नाही. मे महिन्यातली ४५ अंशांची उष्णता, पावसाळ्यातली ओल, वाळवी आणि कसर हे चौघे मिळून एक पेटी दहा-पंधरा वर्षांत संपवू शकतात.

पहिले पाऊल: नोंदवही

तरुण मंडळी संग्रहालयात शिरली की पहिला हात मोबाइलकडे जातो. आमची विनंती आहे की पहिला हात वहीकडे जाऊ द्या. नोंद नसलेला फोटो इंटरनेटवर टाकणे म्हणजे नाव-पत्ता न लिहिता पत्र पोस्टात टाकणे.

सुरुवात संचालकांशी किंवा विश्वस्तांशी बोलण्यापासून करावी. त्यांनी हा संग्रह अनेकदा स्वतःच्या खिशातून जपलेला असतो. 'आम्ही तुमचे डिजिटायझेशन करून देतो' असे म्हणत जाऊ नये. 'तुमची नोंदवही आहे का, ती संगणकावर उतरवून देऊ का' असे विचारावे. हे काम लहान आहे, उपयोगाचे आहे आणि त्यातून विश्वास तयार होतो.

प्रत्येक वस्तूला एक दाखल क्रमांक हवा. तो एकदाच द्यायचा, वस्तू हरवली तरी तो दुसऱ्या वस्तूला द्यायचा नाही. संगणकावरच्या फाइलचे नावही त्याच क्रमांकाने सुरू व्हावे. क्रमांक वस्तूवर शाईने लिहू नये. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलने हलकेच लिहावा किंवा सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधावी.

पुष्कळ संस्थांच्या जुन्या याद्या श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. त्या पडद्यावर मराठी दिसतात, पण दुसऱ्या संगणकावर उघडल्या की अक्षरांचा कचरा होतो आणि शोधयंत्राला त्या वाचताच येत नाहीत. अशी यादी युनिकोडमध्ये बदलून देणे हे एका शनिवार-रविवारचे काम आहे. एकही फोटो न काढता संग्रहालयाला केलेली ही मोठी मदत ठरते.

एक नमुना नोंद पाहा. यातले तपशील समजण्यापुरते कल्पित आहेत.

दाखल क्रमांक: ००४७
वस्तू: कृष्णधवल छायाचित्र, कागदी छाप
माप: ७.५ सेंमी × १० सेंमी
काय दिसते: दगडी पायऱ्यांवर बसलेले सुमारे वीस स्त्री-पुरुष, मागे निळा असावा असा झेंडा
स्थळ: लळिंग, ता. व जि. धुळे (फोटोमागे 'प. खानदेश' असे लिहिलेले)
काळ: १९६० च्या आधीचा असावा, आधार: मागचे हस्ताक्षर व देणाऱ्याची आठवण
कोणी काढले: माहीत नाही
कसे आले: देणाऱ्या कुटुंबाकडून, लेखी संमतीसह
स्थिती: उजवा कोपरा फाटलेला, डाग
नोंद कोणी केली, कधी: नाव व तारीख

या नमुन्यातल्या तीन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली, 'असावा' हा शब्द. जे अंदाजाने सांगितले त्यापुढे आधार लिहिला आहे. दुसरी, जुने स्थळनाव. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे मुख्य ठिकाण जळगाव, पश्चिमेचे धुळे. नंदुरबार तर १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. म्हणून जुन्या वस्तूवर जे नाव असेल ते आणि आजचे नाव दोन्ही लिहावीत. इंग्रजी कागदांत धुळ्याचे 'धुलिया' होते, तेही नोंदवावे, कारण शोधणारा कोणत्या नावाने शोधेल हे आपल्याला ठाऊक नसते. तिसरी, 'माहीत नाही' लिहायला लाज वाटू देऊ नये. रिकामी जागा पुढचा माणूस भरतो. चुकीची भरलेली जागा मात्र कोणी तपासत नाही.

फोटो आणि स्कॅन

महागडी यंत्रे लागत नाहीत. साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलचा फोटो ४००० × ३००० बिंदूंचा असतो. ए-४ कागद त्यात पूर्ण बसवला तर इंचाला ३४० च्या आसपास बिंदू मिळतात. अक्षरे वाचण्यासाठी ३०० पुरतात. म्हणजे पत्रके, पत्रे आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांसाठी मोबाइल चालतो. मोबाइल स्टँडवर पक्का बसवावा, कागदाच्या बरोबर वर आणि समांतर. उजेड खिडकीतला, थेट ऊन नको, फ्लॅश नको.

छोट्या फोटोंसाठी सपाट काचेचा स्कॅनर घ्यावा आणि ६०० डीपीआयवर स्कॅन करावे. ३ × ४ इंचाच्या फोटोचे त्यातून १८०० × २४०० बिंदू होतात आणि चेहरे मोठे करून पाहता येतात. मूळ फाइल टिफ स्वरूपात जपावी, इंटरनेटसाठी जेपीईजी प्रत काढावी. ए-४ रंगीत पानाची ३०० डीपीआयची टिफ फाइल साधारण २६ एमबीची होते. हजार पाने झाली तर २६ जीबी. आजच्या हार्ड डिस्कसाठी हे फार नाही.

वस्तूचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवावी, मागची-पुढची बाजू आणि मजकूर असलेला भाग वेगळा घ्यावा. फोटोची मागची बाजू कधीही चुकवू नये, बहुतेक माहिती तिथेच असते. कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळावा. धातू, निगेटिव्ह आणि छायाचित्रांना हातमोजे घालावेत. अल्बममध्ये चिकटलेला फोटो ओढून काढू नये, पानासकट स्कॅन करावे. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नये आणि प्रेमापोटी लॅमिनेशन तर मुळीच करू नये. त्याने कागद कायमचा अडकतो.

मूळ फाइलमध्ये 'सुधारणा' करू नये. डाग पुसणे, काळ्या-पांढऱ्या फोटोला रंग देणे, चेहरा उजळणे हे हल्ली एका बोटाने होते. बाबासाहेबांचे असे रंगवलेले किती फोटो समाजमाध्यमांवर फिरतात ते आपण रोज पाहतो. पुराव्याचा फोटो जसा आहे तसाच हवा.

वर्णन कोणाच्या शब्दांत?

चाळीसगावहून डोंगर चढून पितळखोरे लेण्यांकडे जाता येते. तिथे सापडलेली एक यक्षमूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मूर्ती इसवी सनापूर्वीची आहे आणि तिच्या हाताच्या पंजावर ती घडवणाऱ्याने स्वतःचे नाव कोरले आहे: कण्हदास, धंद्याने सोनार. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिराला आपण आज नावाने ओळखतो ते त्याने नोंद केली म्हणून. नाव नसते तर पाटीवर 'यक्ष' एवढेच राहिले असते.

आपल्या समाजाच्या बाबतीत हेच घडत आले. जुन्या सरकारी कागदांत आणि फोटोंखाली अधिकाऱ्याचे, जमीनदाराचे नाव असते. बाकीचे 'इतर लोक' किंवा नुसती जात. १८८० साली निघालेल्या खानदेशाच्या गॅझेटिअरमध्ये जातीजातींची वर्णने आहेत, ती साहेबाच्या नजरेने लिहिलेली. म्हणून संग्रहालयाला आपली सर्वांत मोठी मदत कॅमेऱ्याची नाही, ओळख पटवण्याची आहे. फोटोची प्रत घेऊन वस्तीत बसा. डावीकडून तिसरी बाई कोण, हे सांगणारी आजी आज आहे.

तरीही येथे दोन बंधने पाळावीत. जुन्या पाटीवर अपमानकारक शब्द असेल तर तो खोडू नये. तो 'मूळ नोंद' म्हणून अवतरणात ठेवावा आणि शेजारी आजचे वर्णन लिहावे. अपमान झाला होता, याचाही तो पुरावाच आहे. १९२९ सालच्या माणसाबद्दल लिहिताना तेव्हाची ओळख आणि आजची ओळख दोन्ही, काळ सांगून लिहावी. दुसरे बंधन आपल्या उत्साहाला आहे. एखादी मूर्ती पाहून ती बुद्धाचीच आहे असे आपल्याला वाटू शकते. कदाचित ती असेलही. पण संग्रहालयाची नोंद आपण परस्पर बदलायची नाही. 'संग्रहालयाची नोंद' आणि 'आमचे निरीक्षण' असे दोन रकाने करावेत, निरीक्षणापुढे मुद्रा, आसन, लेख असे आधार द्यावेत आणि तज्ज्ञाला दाखवावे. घोषणेने मूर्ती आपली होत नाही, पुराव्याने होते.

हक्क आणि कायदा

वस्तू संग्रहालयाची असली तरी तिच्यातले लिखाण किंवा चित्र यांचा कॉपीराइट संग्रहालयाचा असतोच असे नाही. भारतात लेखक किंवा चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले त्यांचे लिखाण १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. मृत्यूनंतर छापलेल्या लिखाणाची गणना वेगळी, प्रथम प्रकाशनापासून होते. १९५८ पूर्वी काढलेली छायाचित्रे सर्वसाधारणपणे मुक्त झाली आहेत. त्यानंतरच्या फोटोसाठी फोटोग्राफर किंवा त्याच्या वारसाची परवानगी घ्यावी. केकी मूस १९८९ मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या कलाकृती बघायला गेल्यावर मोबाइलमध्ये टिपून टाकून द्यायच्या नाहीत, निर्णय त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेचा.

शेतात नांगरताना जुनी मूर्ती किंवा नाणी सापडली तर ती विहारात आणून ठेवण्याचा मोह होतो. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या १० रुपयांहून अधिक मोलाच्या पुरून ठेवलेल्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने १०० वर्षांहून जुन्या वस्तू आणि ७५ वर्षांहून जुनी महत्त्वाची हस्तलिखिते 'पुरावशेष' ठरतात. त्यांतील मूर्ती, चित्रे, हस्तलिखिते अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी करावी लागते. मूर्ती सापडली की जागेवरच फोटो काढा, तहसील कार्यालयाला लेखी कळवा आणि पोच घ्या. ती पोच हीच आपली नोंद.

कुठे ठेवावे?

केंद्र सरकारच्या संग्रहालयांसाठी पुण्याच्या सी-डॅकने 'जतन' ही संगणकप्रणाली तयार केली आणि 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ तिच्यावर उभे आहे. मोठ्या संग्रहालयांची सूची कशी असते ते पाहण्यासाठी ते जरूर उघडावे. छोट्या संस्थेसाठी आम्हाला तीन मार्ग व्यवहार्य वाटतात.

विकिमीडिया कॉमन्सवर फोटो ठेवले की ते मराठी विकिपीडियासह सर्व भाषांच्या लेखांत वापरता येतात. पैसे लागत नाहीत. मात्र तिथे व्यापारी वापरालाही मुभा देणारा परवाना द्यावा लागतो आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. हे विश्वस्तांना आधी स्पष्ट सांगावे आणि संमती संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून पाठवायला लावावी. इंटरनेट आर्काइव्हवर जुने अंक, पुस्तिका, कॅसेटचा आवाज ठेवता येतो आणि तिथे परवान्याचे अधिक पर्याय आहेत. मुक्त झालेली पुस्तके मराठी विकिस्रोतावर टाइप करून शोधता येण्याजोगी करता येतात. फेसबुक आणि व्हॉट्सॲप हे बातमी पोचवण्याचे मार्ग आहेत, साठवणीचे नाहीत. तिथे फोटो दाबला जातो, नोंद गळते आणि दोन वर्षांनी काही सापडत नाही.

सर्व काही खुले करण्याचा हट्ट धरू नये. संग्रहालयाने दहा वस्तू दिल्या तर दहाच चांगल्या करून दाखवाव्यात.

काय ठेवू नये?

दीक्षेच्या याद्यांत घरांचे पत्ते असतात. शाळेच्या दाखल्यांवर जात असते. अत्याचाराच्या प्रकरणांतल्या फोटोंत जिवंत माणसे असतात. हे जपावे, पण त्या माणसांच्या किंवा कुटुंबाच्या संमतीशिवाय जाहीर करू नये. उघड्यावरच्या मूर्तींचे नेमके ठिकाण, कुलपाची व्यवस्था, संग्रहाची किंमत यांतलेही काही लिहू नये. मूर्तिचोर इंटरनेट आपल्याइतकेच वाचतात.

काम टिकवायचे कसे?

प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवाव्यात: एक संग्रहालयाच्या संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावी किंवा इंटरनेटवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या मोठ्या संस्थेची ऑनलाइन सूची कित्येक आठवडे बंद राहिली. इंटरनेटवर ठेवले म्हणजे सुरक्षित झाले, असे नसते. वर्षातून एकदा हार्ड डिस्क उघडून फाइली वाचता येतात का ते पाहावे.

खात्यांचे पासवर्ड एका उत्साही कार्यकर्त्याच्या मोबाइलमध्ये राहू देऊ नयेत. तो पोरगा नोकरीला पुण्याला गेला की संस्थेचे दार बंद. ई-मेल संस्थेच्या नावाचा, पासवर्ड दोन विश्वस्तांकडे, मूळ फाइली संस्थेकडे. आपण मदतनीस आहोत, मालक नाही. आजवर आपल्या वस्त्यांतून कागद अभ्यासासाठी म्हणून नेले गेले आणि परत आले नाहीत, हा अनुभव अनेक कुटुंबांना आहे. तीच गोष्ट आपण कोणाशी करायची नाही. वस्तू घरातून हलवू नका, स्कॅनर घरी न्या. स्कॅनची एक प्रत त्याच दिवशी त्या कुटुंबाला द्या.

सुरुवात

दोनशे वस्तूंचा संग्रह धरला आणि एका वस्तूला नोंद, फोटो, तपासणी मिळून पंधरा मिनिटे धरली तर ५० तास होतात. चार जणांनी रविवारचे तीन तास दिले तर चार-पाच रविवार. एका जयंतीच्या तयारीला आपण याहून जास्त वेळ देतो.

येत्या ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जाणाऱ्या मंडळांना आमचे सांगणे आहे की पाण्याच्या आणि भोजनदानाच्या स्टॉलशेजारी एक टेबल स्कॅनरचे मांडा. आधी गावोगाव कळवा की घरातला जुना फोटो घेऊन या, तिथेच स्कॅन करून परत देऊ. येणाऱ्याचे नाव, फोटोतल्यांची नावे, संमतीची सही, एवढे वहीत लिहा. चाळीसगावच्या तरुणांनी तर ३१ जुलैचीही वाट पाहू नये. बाबासाहेबांनी त्या संध्याकाळबद्दल लिहिले आहे, पण लगाम धरणाऱ्याचे नाव त्यांच्या मजकुरात नाही. आपल्या माणसाला पायी चालत न्यायचे नाही, एवढ्याच आदरापोटी त्याने न येणारे काम अंगावर घेतले होते. त्याचे घर, त्याचे नाव गावात कोणाला ठाऊक असेल तर ती आपल्या नोंदवहीतली पहिली नोंद होऊ द्या.

जयभीम.